भरपाई नाकारली म्हणून बोलणी

प्रश्न : कन्फ्यूशियसच्या एका शिष्याने पदरमोड करून गुलामांना सोडवलं, सरकारी भरपाईही घेतली नाही, तर गुरूने त्यालाच बोल लावला, अशी गोष्ट वाचली. हे कसलं शहाणपण? मला तर शिष्यच थोर वाटतो. पुढे त्या दोघांचं फाटलं का?

उत्तर : आधी कायदा काय होता ते पाहा. लू राज्यातले (आजच्या चीनच्या शानदोंग प्रांतातलं) लोक परक्या राज्यांत दास होऊन पडत. त्यांना कुणी पैसे भरून सोडवलं, तर ती रक्कम लूच्या खजिन्यातून परत मिळे. तुमचा हा शिष्य त्झगोंग, व्यापारात गबर झालेला. त्याला भरपाईची गरजच नव्हती. पण लूमध्ये श्रीमंत थोडे आणि गरीब फार, हे कन्फ्यूशियस विसरला नाही. त्झगोंगने पैसे घेतले नाहीत म्हटल्यावर पुढे मागणारा हावरट ठरणार, आणि न मागता भुर्दंड सोसण्याची ऐपत कितीजणांची? म्हणजे दास तिकडेच राहणार.

हिची जोडगोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्झलू या दुसऱ्या शिष्याने बुडत्याला वाचवलं. त्या माणसाने बैल दिला, त्झलूने खुशाल घेतला. कन्फ्यूशियस म्हणाला, आता लूचे लोक बुडत्याला नक्की वाचवतील!

दोन्ही गोष्टी ल्यू बुवेई या मंत्र्याने विद्वानांकडून करवून घेतलेल्या ग्रंथात आहेत. तो इ. स. पू. २३९च्या सुमाराचा, आणि कन्फ्यूशियस वारला इ. स. पू. ४७९मध्ये. तेव्हा हे असंच घडलं, असा हट्ट नको. विचार मात्र टिकला. सत्कृत्यांचा रोज हिशेब ठेवणाऱ्या युआन ल्याओफानने (१५३३–१६०६) मुलाला केलेल्या उपदेशात याच गोष्टी घेतल्या : आज चांगलं दिसणारं काम पुढे लोकांना नडणार असेल, तर ते चांगलं नव्हे.

तरी मला गुरू जरा कठोरच वाटतो. जो सुटून घरी आला, त्याला या हिशेबाचं काय! त्झगोंगने रक्कम चारचौघांत घ्यायची आणि तिच्यातून आणखी एखाद्याला सोडवायचं, असं मी सुचवलं असतं.

फाटलं म्हणाल, तर मुळीच नाही. कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला पुढचा विचारवंत मेन्सियस सांगतो, गुरू गेल्यावर शिष्यांनी तीन वर्षं शोक पाळला आणि ते घरोघरी परतले. त्झगोंग समाधीपाशी झोपडी बांधून आणखी तीन वर्षं राहिला.