बाहेर ऑइल बदलले म्हणून गिअरबॉक्सची हमी संपते का?

प्रश्न, संक्षेपाने: रोज कामावर जाण्यासाठी मी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून नऊ वर्षे जुनी, एक लाखाहून अधिक किलोमीटर धावलेली आलिशान सेडान घेतली. पावतीवर ‘गाडी जशी आहे तशी’ असे छापलेले आहे, पण सोबत इंजिन आणि गिअरबॉक्सचे सहा महिन्यांचे हमीपत्रही आहे. पाचव्या महिन्यात दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना झटके बसू लागले. विक्रेत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले, उत्तर आले नाही, म्हणून ओळखीच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचे ऑइल आणि फिल्टर बदलले. झटके थांबले नाहीत. बाहेरच्या माणसाने हात लावल्यामुळे हमी रद्द झाली, असे विक्रेता आता म्हणतो. गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायला निघाला आहे. पूर्ण पैसे परत मिळतील का? आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे.

उत्तर: सर्वांत आधी गॅरेजला फोन करून गिअरबॉक्स उतरवण्याचे काम थांबवा. आपल्या हातातला सर्वांत मोठा पुरावा तो न उघडलेला गिअरबॉक्सच आहे. एकदा तो सुटा झाला की बिघाड आधीचा होता की उघडताना झाला, हा वाद कोणत्याही ग्राहक आयोगापुढे आपल्याला जड जाईल. जुने ऑइल अजून कॅनमध्ये असेल तर ते तसेच सीलबंद ठेवायला सांगा. ऑइल पॅनच्या तळाशी चुंबक असतात आणि त्यांवर करडा चिकट थर जमणे ही सामान्य झीज आहे. मात्र तिथे धातूचे कपचे सापडले असतील तर त्यांचे तारखेसह फोटो हवेत. कपच्यांवरून निदान मी वकील म्हणून करणार नाही, पण ऑइल बदलण्यापूर्वीच आतली झीज झाली होती हे दाखवायला याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

आता हमीबद्दल. पावतीवर छापलेली ‘जशी आहे तशी’ ही ओळ सर्वसाधारण आहे आणि हमीपत्र याच गाडीच्या याच भागांविषयी आहे. दोन्ही एकाच विक्रेत्याने एकाच दिवशी दिली असतील तर विशिष्ट वचन सर्वसाधारण ओळीपेक्षा वरचढ ठरते, असा युक्तिवाद मी निःशंकपणे करेन. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असावा अशी गर्भित शर्त, म्हणजे करारात लिहिलेली नसली तरी कायद्याने गृहीत धरलेली शर्त, आहे. कलम ६२ प्रमाणे ती कराराने वगळता येते, आणि खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांना ती लागू होत नाही. म्हणून माझा भर गर्भित शर्तीवर कमी आणि आपल्या लेखी हमीपत्रावर अधिक राहील.

बाहेरच्या गॅरेजचा आक्षेप ऐकायला वजनदार वाटतो, पण तो तपासून घ्यायला हवा. हमीपत्रात ‘अन्यत्र काम केल्यास हमी रद्द’ असे कलम खरोखर आहे का, हे आधी पाहा. नसेल तर विक्रेता ते आज तोंडी जोडू शकत नाही. असले तरी ऑइलच्या कामामुळेच बिघाड झाला का, हा प्रश्न उरतोच. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करू नये आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे म्हटले होते. तो आदेश उत्पादक कंपन्यांना उद्देशून होता, शिवाय त्याविरुद्ध अपिले झाली, म्हणून आपल्या विक्रेत्यावर तो बंधनकारक आहे असे मी म्हणणार नाही. त्यातले तर्कशास्त्र मात्र जरूर मांडता येईल. त्याच्या जोडीला तांत्रिक बाजूही आपल्याला अनुकूल आहे. अनेक मोटार कंपन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ऑइल ‘आयुष्यभराचे’ म्हणतात, तरी आलिशान गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलण्याचा सल्ला देते. नऊ वर्षांच्या गाडीत ते बदलणे ही देखभाल झाली, छेडछाड नव्हे.

आपली खरी कमजोर बाजू बिलात असू शकते. त्यावर नुसते ‘गिअर ऑइल’ लिहिले असेल तर चुकीच्या प्रतीचे ऑइल घातले असे विक्रेता म्हणेल. ऑइलचे नाव, प्रत आणि मात्रा यांचा लेखी खुलासा गॅरेजकडून आजच घ्या आणि गाडीच्या संगणकात साठलेले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडांच्या नोंदी, पुसण्याआधी स्कॅनरवरून त्यांचा अहवाल छापून घ्या.

यानंतर विक्रेत्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवून, ठरलेल्या दिवशी त्याच्या माणसासमोर स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करण्याचे आमंत्रण द्या. तो आला नाही तर ती गैरहजेरीही नोंदीला येते. हमीच्या मुदतीतला व्हॉट्सअ‍ॅप संदेश हा आपला आधार आहे. तो फोनमधून पुसू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

नोटिशीने काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येईल. गाडीसाठी आपण मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार तिथेच दाखल होते, तीही आपण राहता त्या जिल्ह्यात, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आपण ‘ग्राहक’ नाही असा बचाव आला तर घाबरू नका: स्वतः कामावर जाण्यासाठी वापरलेली गाडी तेवढ्याने व्यापारी प्रयोजनाची होत नाही.

पूर्ण पैसे मागण्याबाबत मात्र मी हात आखडता घेण्यास सांगेन. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हमीच्या शर्तींनुसार दायित्व सदोष भाग दुरुस्त करण्यापुरते किंवा बदलून देण्यापुरते मानले, आणि ती तर नवी गाडी होती. आपण दुरुस्तीचा खर्च आणि गाडी उभी राहिलेल्या काळातल्या प्रवासाचा खर्च प्रमुख मागणी म्हणून मांडा, परतावा पर्यायी मागणी म्हणून ठेवा.

आरसीचा विषय आपण शेवटच्या ओळीत टाकला आहे, पण रोज रस्त्यावर गाडी नेणाऱ्यासाठी तो गिअरबॉक्सइतकाच तातडीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे हस्तांतरणाची नोंद करून घेण्यासाठी खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विक्रेत्याने ‘आम्ही करून देतो’ म्हटले तरी ही जबाबदारी आपलीही आहे. तृतीय पक्षाचा विमा कलम १५७ मुळे आपल्याकडे आला असे मानले जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप येत नाही, त्यामुळे उद्या अपघात झाला तर तो दावा नाकारला जाऊ शकतो. मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या आहेत का, हे आजच विक्रेत्याकडे विचारा. नोटिशीत या कागदांची मागणी स्वतंत्र परिच्छेदात घाला, आणि आरसी व विमा दोन्ही आपल्या नावावर होईपर्यंत, झटके थांबले तरी, गाडी घरीच उभी ठेवा.