जुन्या रेडिओ निवेदकांचे आवाज लोकांना अजून का आठवतात? ते कार्यक्रम आता कुठे ऐकायला मिळतील?

प्रश्न बघून पुढं गेलो होतो खरं तर. असल्या प्रश्नावर सगळे "गेले ते दिवस" म्हणून चार ओळी खरडतात आणि एक मर्फी रेडिओच्या जाहिरातीतल्या बाळाचा फोटो टाकतात. पण इथं एकानं लिहिलंय की आवाजबिवाज काही नाही, तेव्हा दुसरं ऐकायलाच काही नव्हतं म्हणून लक्षात राहिलंय. हेच वाक्य, अगदी शब्दाला शब्द, आमचा दादा गेली ४७-४८ वर्षं मला ऐकवतोय. म्हणून बसलो लिहायला.

आम्ही तासगाव भागातले. वडिलांचं टेलरिंगचं दुकान, पुढं दुकान मागं घर, आणि परसात एक म्हैस. म्हैस पुढं गोष्टीत येणार आहे, लक्षात ठेवा. दुकानात कातडी कव्हरचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर. सेल उतरले की आवाज बसायचा, मग ते सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि दुपारी परत घालायचे, तेवढ्यावर अजून दोन दिवस निघायचे. सेट सरळ ठेवून चालायचं नाही. शिलाई मशीनच्या फळीवर दाराकडं तोंड करून तिरका ठेवला की सांगली केंद्र स्वच्छ, जरा फिरवला की खरखर. आत दांडीसारखा अँटेना असतो तो दिशा बघतो हे मला फार नंतर कळलं, तेव्हा वाटायचं दुकानाच्या दारातच काहीतरी आहे.

घड्याळ होतं दुकानात, पण त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. ६.५५ ला संस्कृत बातम्या, "इयम् आकाशवाणी", की आई म्हणायची उठा. बलदेवानंद सागर हे नाव आमच्या गल्लीतल्या निरक्षर म्हातारीलासुद्धा पाठ होतं, बातमीतलं एक अक्षर कळत नसताना. मग ७.०५ ला पुण्याहून प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणे. वडील त्या वेळी दाढी करत असायचे आणि नरवणे बाईंनी नाव सांगितलं की ब्रश थांबायचा. आता कुणी म्हणेल बातम्या तर कुणीही वाचतं. वाचतं की. पण त्या बाई आकडा आला की किंचित हळू व्हायच्या. धरणात किती पाणी, कापसाला काय भाव, हे ऐकणाऱ्याला परत विचारता येत नाही, मागं घेऊन ऐकता येत नाही, हे बोलणाऱ्याला माहीत होतं. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं माझं उत्तर एवढंच आहे. परत विचारता न येणाऱ्या माणसासाठी ते बोलायचे.

गाण्यांचंही तेच. तबकडी लागायच्या आधी किंवा संपल्यावर गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलंय कुणी, तिन्ही सांगायचे. मी सातवीत असताना एक वही केली होती, दोनशे पानी, त्यात गाणं, गीतकार, संगीतकार, गायक असे चार रकाने. गाणं सुरू असताना पहिला रकाना भरायचा आणि संपल्यावर बाकीचे, आणि त्या तीन सेकंदांत वडिलांनी पायमशीन मारलं की गेला गीतकार. किती वेळा रडलोय मी त्यावरून. शेवटी वडील गाणं संपत आलं की पाय उचलून धरायचे. गिऱ्हाईक समोर उभं, अर्धी बाही सुईखाली, आणि आमचे वडील पाय वर करून बसलेत कारण पोराला शांता शेळके की सुधीर मोघे ते ऐकायचंय.

दादाचं म्हणणं वेगळं. गाणं ऐक की लेका, लिहिलं कुणी त्याच्याशी काय करायचंय, तुला काय त्याच्या घरी जेवायला जायचंय? दादा सिलोनवाला, म्हणजे रेडिओ सिलोन, श्रीलंकेहून लागणारं स्टेशन. त्याचा देव अमीन सायानी. बुधवार आला की आठ वाजता ट्रान्झिस्टर त्याचा, बिनाका टूथपेस्टवाल्यांचा हिंदी गाण्यांचा बिनाका गीतमाला, सायानींचं "बहनो और भाइयो", आणि पुढचा एक तास खिडकीच्या गजाला तांब्याची तार बांधून तो पुतळ्यासारखा उभा, कारण जरा हललं की शॉर्टवेव्ह लाटेसारखी वरखाली व्हायची. कुठलं गाणं कुठल्या पायदानवर, म्हणजे कितव्या नंबरवर, याच्यावर त्याच्या आणि मित्रांच्या पैजा लागायच्या. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, सिलोन आपल्याकडं एवढं बोकाळलं त्याला कारण आपलेच बाळकृष्ण केसकर. १९५२ ला माहिती खातं त्यांच्याकडं आलं आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. त्याच साली बिनाका सुरू झालं. लोक तिकडं गेले ते गेलेच. मग शहाणपण सुचून १९५७ ला विविध भारती काढली. पण केसकरांनी शास्त्रीय संगीताला रेडिओवर जी जागा दिली तीही विसरू नये, असं मी म्हणतो, दादा म्हणत नाही.)

तर भांडणाकडं येतो. १९७७ साल. मी एका केंद्राच्या मराठी फर्माईशीच्या कार्यक्रमाला पोस्टकार्ड टाकलं. केंद्राचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नाही यात. गाणं कुठलं तेही सांगत नाही कारण दादा हे वाचणार. कार्डावर गाण्याच्या खाली जेवढी नावं मावतील तेवढी लिहायची पद्धत होती, तुम्हालाही आठवत असेल ती रांग. वडिलांचं लिहिलं, आईचं, काजं-बटणं करायला एक पोरगा होता त्याचं, माझं. दादाचं मुद्दाम लिहिलं नाही. आणि एक जागा उरली तिथं लिहिलं, चंद्राबाई. चंद्रा म्हणजे आमची म्हैस. कुणालाही सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

त्यानंतर मी महिनाभर एक कार्यक्रम सोडला नाही. नावं यायची, गावोगावची, पलूस, कवठेमहांकाळ, विटा, आमचं काही येईना. आणि मग एका आठवड्यात तो कार्यक्रम काही कारणानं बुधवारी रात्री लागला. मी म्हणलं आज लाव, दादा म्हणाला आज बुधवार आहे. रडलो, वडिलांकडं गेलो, वडील म्हणाले एक दिवस त्याला ऐकू दे, तुझं रोजचंच असतं. झालं. सिलोन लागलं.

सकाळी शेजारच्या काकू दूध घ्यायला आल्या आणि दारातूनच, "अगं बाई, तुमची सगळ्यांची नावं आली की रात्री! आणि चंद्राबाई कोण गं?"

मी तिथंच खाली बसलो. आजतागायत रेडिओवर माझं नाव मी ऐकलेलं नाही. एकदाच आलं होतं आणि तेव्हा आमच्या घरात टूथपेस्टची जाहिरात सुरू होती.

इथून पुढं खरं भांडण. दादा म्हणतो नावं आलीच नव्हती, काकूंनी पोराचं मन राखायला थाप मारली. मी म्हणतो, मग चंद्राबाई त्यांना कुठून कळलं? म्हशीचं नाव मी लिहिलंय हे देवाला आणि निवेदकाला सोडून कुणाला माहीत नव्हतं. हा पुरावा मी वकिलासारखा वीस वर्षं वापरला. मग दादाच्या मुलीच्या लग्नात, मांडवात, जेवणाच्या पंगतीत त्यानं उत्तर काढलं: "पोस्टकार्ड होतं ना? पाकीट नव्हतं ना? आणि पेटीत टाकायला कुणाकडं दिलं होतंस? काकूंच्याच पोराकडं." मला पुढचा घास गेला नाही. दिलं होतं त्याच्याकडंच. काकू २०११ ला गेल्या, आणि जिवंत होत्या तोवर त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही, आता कबूल करतो.

तरी मी म्हणतो नाव आलं होतं. कारण काकूंनी एक गोष्ट अजून सांगितली होती. म्हणाल्या, त्या बाई चंद्राबाईपाशी जरा थांबल्या आणि हसल्यासारख्या वाटल्या. हे काकूंना बनवून सांगता आलं नसतं. अशी थांबायची कला त्या निवेदकांना होती आणि काकूंना ती ऐकू येत होती. आता एफएमवर आरजे सकाळी सात ते अकरा अखंड बोलतो, थांबतच नाही, तर हसला कधी ते कळणार कुठून. दोन गाण्यांच्या मध्ये तो स्वतःच्या ट्रॅफिकची गोष्ट सांगतो पण गाणं कुणी लिहिलं ते सांगत नाही. ॲपवर तर विचारूच नका. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, गीतकार शोधायला तीन ठिकाणी दाबायचं, आणि जुन्या मराठी गाण्यांना बऱ्याचदा तो चुकीचाच असतो. मी माझी वही काढून ताडून बघतो, अजून आहे ती, फक्त पहिल्या पानाला उधई लागलीय.

आणि "दुसरं काही नव्हतं म्हणून" हे म्हणणाऱ्यांना सांगतो, दुसरं काही नसताना वाईटही देता आलं असतं. लोकांनी मुकाट ऐकलं असतं. तिथं माणसं कोण बसली होती ते बघा. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम बघायचे, आमच्या जिल्ह्यातला माणूस. पुलं आकाशवाणीत होते. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुण्याहून गीतरामायण झालं, ५६ गाणी, आठवड्याला एक, आणि रेडिओवर ते एकट्या बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, गायलं नव्हतं, माणिक वर्मा होत्या, ललिता फडके होत्या, प्रत्येक पात्राला आवाज वेगळा. मुंबई केंद्रावर प्रपंच ही कौटुंबिक श्रुतिका लागायची, त्यातल्या मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. माझ्या आत्याला मुंबईत दिली होती, ती माहेरी आली की वहिनींच्या आवाजात बोलायची आणि आमच्या आईला राग यायचा. बाळ ज. पंडितांनी मराठीत क्रिकेट सांगितलं तेव्हा ज्यानं मैदान बघितलं नाही त्याला चेंडू कुठं गेला ते कळायचं. ही माणसं नुसती स्टेशनवर नोकरीला होती म्हणून लक्षात राहिली? दादा, सांग.

बरं, आता जे आधी लिहायला हवं होतं ते. सगळं चांगलं नव्हतं. दुपारची भाषणं इतकी कंटाळवाणी असायची की वडील मशीन जोरात मारायचे. शेतीवरचं बरंचसं कागद बघून वाचलेलं. आणि भाषा एकाच गावची. आमच्यासारखं "म्हणलं" आणि "बगा" बोलणारा माणूस रेडिओवर फक्त लोकनाट्यात, तेही हसवायला. मला स्वतःला ण आणि न नीट जमायला कॉलेज उजाडलं आणि ते रेडिओ ऐकूनच जमलं, पण जमवायला लागलं हे खरंच. शिवाय बिनाका वाईट होतं असं मी म्हणत नाहीये. सायानी मोठा माणूस. नाव न बघता आवाजावरून ओळखता यावा असे देशात किती जण झाले.

२० फेब्रुवारी २०२४ ला ते गेले, ९१ वर्षांचे होते, त्या दिवशी दादाचा फोन आला. तो पंच्याहत्तरीला टेकलाय. बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "गेला रे." मी पण काही बोललो नाही. मग म्हणाला, त्या बुधवारचं सगळं आठवतंय मला, पहिल्या पायदानवर काय होतं ते पण सांगतो. आणि सांगितलं. मी विचारलं, गीतकार कोण? तर गप्प. मग म्हणाला तुझ्या वहीत बघ.

नाही वहीत. त्या रात्री मी लिहिलंच नव्हतं काही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. न्यूज ऑन एअर नावाचं प्रसार भारतीचं ॲप आहे, त्याच्यावर पुणे, सांगली, मुंबई सगळं थेट लागतं, सेट तिरका करायला लागत नाही. जुनं मात्र फारसं मिळणार नाही. त्या काळी टेपा महाग, एकदा वाजलं की पुसून त्याच्यावर दुसरं भरायचे, रोजचे फर्माईशीचे कार्यक्रम तर कुणी जपूनच ठेवले नाहीत. जे वाचलं त्यातलं थोडं प्रसार भारतीच्या आर्काइव्हच्या यूट्यूबवर आहे, ते बघा. ज्यांच्याकडं घरी कॅसेटवर रेडिओ भरून ठेवलेला आहे त्यांनी तो आधी डिजिटल करून घ्या, भाच्याला सांगू सांगू म्हणत बसू नका, कॅसेटला बुरशी धरते.

आणि तुम्ही ॲपवर एखादं केंद्र लावलंत आणि गाणं झाल्यावर गीतकाराचं नाव सांगितलेलं ऐकू आलं, तर वेळ आणि केंद्र इथं खाली लिहा. दादाला पाठवायचंय.