सायकल कारमध्ये टाकून जायचं कुठं?

प्रश्न : दिवाळीत माउंटन बाइक घेतली. हार्डटेल, म्हणजे मागं सस्पेन्शन नसलेली, 29 इंची चाकं, पुढं 100 एमएमचं सस्पेन्शन. आतापर्यंत येळ्ळूरमार्गे राजहंसगड आणि परत एवढंच चाललंय, तेही डांबरावरनं, आणि एवढ्या जाड टायरनं डांबरावर नुसता दम लागतो, मजा काय येत नाही. मित्र म्हणतात चोर्ला घाटात चल. पण रविवारी दुपारच्या जेवणाला घरात हजर पाहिजे, नाहीतर सायकलच विकायला लागेल. तासाभराच्या आत चांगले ट्रेल आहेत का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आहेत की. फक्त ट्रेल म्हणून कुणी बांधलेलं, बाणाच्या पाट्या लावलेलं असं काही शोधत बसू नका. आपल्याकडं आहेत त्या पाणंदी, गाडीवाटा आणि गुरांच्या वाटा, आणि हार्डटेलला ते भरपूर झालं.

माझा हिशेब असा, की कारमध्ये जेवढा वेळ बसलो त्याच्या दुप्पट तरी सायकलच्या सीटवर गेला पाहिजे. या हिशेबात चोर्ला बसत नाही. घाटाचा रस्ता डांबरी, गोव्याची वाहतूक कायम, आणि रस्ता सोडून आत शिरावं तर जंगल. भीमगड 2011 सालापासून अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय आत जाणं हा सरळ गुन्हा होतो. शिवाय त्या पट्ट्यात गवे आहेत, अस्वलं आहेत. बेल वाजवली की गवा बाजूला होईल असं समजू नका, तो उलट थांबून बघत बसतो आणि मग काय करायचं ते तोच ठरवतो. जांबोटीला जायचंच तर मिसळ खायला जावा, सायकल घरी ठेवा.

त्यापेक्षा पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासात काय आहे ते बघा. बेळगुंदी, बिजगर्णी, राकसकोप, तुडये हा एक पट्टा, आणि शिनोळीवरनं देवरवाडी, वैजनाथ, वर महिपालगड हा दुसरा. मध्ये कुठंतरी महाराष्ट्र लागतो, टायरला ते कळत नाही. इथं तांबडी माती, वर जांभ्याचा सडा म्हणजे उघडा सपाट खडक, काजूच्या बागा, आणि चढ असा की दम निघतो पण पाय टेकायची पाळी क्वचित येते. महिपालगडावर गाव आहे, वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, म्हणजे चढ डांबरानं करायचा आणि उतरताना बाजूच्या पायवाटा बघायच्या. सगळीकडं हाच नियम ठेवा, चढ गाडीवाटेनं, उतार पायवाटेनं. उलटं केलं की अर्धा वेळ सायकल ढकलण्यात जातो.

राजहंसगड पण एवढ्यात सोडू नका. तुम्ही डांबरानं वर जाऊन डांबरानंच खाली येताय, म्हणून कंटाळा आलाय. पायथ्याच्या माळावरनं, नंदिहळ्ळी-देसूरच्या बाजूनं गडाभोवती फिरून बघा.

वाट शोधायची कशी, तर आदल्या रात्री मोबाइलवर सॅटेलाइटचं चित्र उघडून बसा. दोन समांतर रेघा दिसल्या की गाडीवाट, एकच बारीक तांबूस रेघ असेल तर पायवाट. रेघ जाऊन एका मोठ्या पांढऱ्या खड्ड्यात संपली तर ती खाण, तिकडं टिपर फिरतात, नाद सोडा. शेतात जाऊन संपली तरी सोडा. दोन गावांना जोडणारी रेघ सगळ्यात चांगली, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पायाखालची असते आणि चढ कसा टाळायचा ते त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. स्ट्राव्हा ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठनं जास्त जातात ते दाखवणारा नकाशा, तोही बघा, पण आपल्या भागात तो बहुतेक डांबरच दाखवतो. आणि कॅम्पच्या बाजूला किंवा कुठंही मिलिटरीची पाटी दिसली तर नकाशात वाट कितीही सुंदर दिसू दे, मागं फिरायचं.

आता माती. वडगाव-शहापूरच्या शिवारात आणि पूर्वेला सांबऱ्याच्या पुढं काळी माती, ती ओली असताना चाकाला अशी चिकटते की फोर्कमध्ये अडकून चाक फिरायचंच थांबतं, मग काठी घेऊन खरवडत बसायचं. तांबड्या मातीत पाणी लवकर मुरतं, पण पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि त्यावर ब्रेक लावला की संपलंच. म्हणून जून ते सप्टेंबर गप्प बसा, नाहीतर डांबर आहेच. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं, त्यात दगड दिसत नाही. गवत कापून झालं की खरा सीझन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात मुरूम सुटा होतो, वळणावर पुढचा ब्रेक दाबलात तर सायकल एकीकडं आणि तुम्ही दुसरीकडं. पण एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिथं हजर राहा. धूळ बसलेली, माती घट्ट, टायर कसा धरतो बघा. वर्षात अशा सकाळी थोड्याच मिळतात, त्यातली एकही झोपेत घालवू नका.

टायरमधली हवा 25 ते 30 पीएसआयच्या (पंपावर दिसतं ते दाबाचं माप) मध्ये, वजन जास्त असेल तर वरच्या बाजूला. ट्यूब असेल तर फार कमी नको. पंक्चर काढताना शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नव्हे, जांभ्याच्या धारेवर रिमनं ट्यूब चिमटलेली असते.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. गवे आणि डुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवती वीज सोडलेली झटक्याची तार लावतात, कधी ती वाटेवर आडवीही असते. बारीक तार, उतारावर वेगात असताना शेवटच्या क्षणी दिसते. नवीन वाट पहिल्यांदा सावकाश करा आणि भेटेल त्या माणसाला विचारा, "मामा, पुढं तार हाय काय?" तो तारही सांगतो, पुढं वाट फुटते तिथं कुठल्या बाजूला जायचं तेही सांगतो. फाटक उघडलं तर परत लावायचं, आणि सुगीत पाणंदीत मळणी चालली असेल तर उतरून कडेनं चालत जायचं.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला डोंगरात सायकल चालवायची आहे. निपाणीच्या जवळ कुठं नेऊ?
– एक आई, निपाणी

उत्तर : तवंदी घाटाचे डोंगर जवळ आहेत, पण ताई, हायवेवरनं त्याला सायकलनं जाऊ देऊ नका, सायकल गाडीत घालूनच न्या. सुरुवातीला डोंगर नकोच. उसाच्या मधल्या पाणंदीत पंधरवडाभर चालवू दे, तिथं चाकोरीतनं बाहेर कसं निघायचं ते हाताला कळतं. मग छोटा उतार. उतारावर सीट खाली करायची, पेडल आडवे ठेवून उभं राहायचं, नजर चाकावर नको, पुढं चार-पाच मीटरवर. आणि हेल्मेट नसेल तर सायकलला हात लावायचा नाही, यात लाड करू नका. उसाची तोड सुरू झाली की मात्र पाणंदीत ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, तेव्हा कधी जायचं ते बघून जावा.

प्रश्न : डिकीवर रॅक लावावा की सायकल आत घालावी?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : एकच सायकल असेल तर आत. रॅकनं नंबर प्लेट झाकते, मग नाक्यावर उत्तरं देत बसा. मागची सीट पाडा, पुढचं चाक काढा, चेनची बाजू वर ठेवा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घाला, कारण प्रवासात चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि तिथं पोचल्यावर चाक बसता बसत नाही.