वाजवणारा चुकला की छापणारा?

बावीस वर्षं मी एका बँडचं नोटेशनचं कपाट सांभाळलं. क्लॅरिनेट वाजवणं हा त्यातला आरामाचा भाग. खरी नोकरी म्हणजे दोनशे-अडीचशे संच जागच्या जागी ठेवणं, फाटलेली पानं चिकटवणं आणि मुद्राराक्षसाशी हुज्जत घालणं. कॉन्सर्ट बँडच्या छापील पार्टांतल्या, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या स्वतंत्र कागदांतल्या, चुकांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो.

आमच्या मार्चमध्ये, म्हणजे संचलनाच्या धुनेत, ३७ व्या बारला (ठोक्यांच्या गटाला) दरवेळी काहीतरी खरखरतं. मुलांना एकेकटं वाजवायला लावलं की प्रत्येकाचं बरोबर! पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक) नाही, दोन-तीन ओळींचा कंडेन्स्ड स्कोअर तेवढा आहे. चूक कोणाच्या पार्टात आहे हे शोधायचं कसं? (एका शाळेचे बँडशिक्षक, सांगली)

सर, मुलं खोटं बोलत नाहीत. प्रत्येकजण छापलंय तेच वाजवतोय, म्हणून एकेकटा बरोबर वाटतो. जुने मार्च बहुतेक असेच, पूर्ण स्कोअरशिवाय विकले जायचे. त्यामुळे छापणाऱ्यालाही सगळे पार्ट एका नजरेत पडताळायची सोय नव्हती. शिवाय जुन्या पद्धतीत प्रत्येक पार्टाची धातूची पाटी वेगळी. कारागीर त्यावर उलट्या बाजूने, आरशातल्यासारखे, एकेक सूर ठोकायचा. शार्पचा (सूर अर्धा चढवणारा) ठसा उचलायचा तिथे नॅचरलचा (सूर मूळ जागी आणणारा) उचलला गेला, तर ती चूक त्या एका पार्टातच राहायची.

आता वही घ्या आणि त्या बारमधला सगळ्यांचा सूर कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येतो तसा, उतरवा. क्लॅरिनेटने आणि कॉर्नेटने सी वाजवला की कानाला बी फ्लॅट (अर्धा उतरलेला बी) येतो, आल्टो सॅक्सोफोनने सी वाजवला की ई फ्लॅट, एफ हॉर्नने सी वाजवला की एफ. बासरी आणि ट्रोम्बोन लिहिलंय तेच ऐकवतात. समजा मार्च ई फ्लॅटमध्ये आहे. म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या सिग्नेचरमध्ये बासरीला तीन फ्लॅट, क्लॅरिनेटला एक, हॉर्नला दोन, आल्टोला एकही नाही. आधी पानाच्या डोक्यावर हे जुळतंय का पाहा. निम्म्या वेळा चूक तिथेच सापडते, विशेषतः ट्रिओला (मार्चच्या नंतरच्या भागाला) सुरांची पट्टी, म्हणजे ‘की’, बदलते आणि पुढच्या ओळीवर जुनीच सिग्नेचर छापलेली राहते.

ते ठीक असेल तर बारमध्ये शिरा. आल्टोला एफ आहे, म्हणजे ए फ्लॅट. हॉर्नला ई फ्लॅट, म्हणजे ए फ्लॅट. युफोनियमला बेस क्लेफमध्ये सरळ ए फ्लॅट. आणि दुसऱ्या क्लॅरिनेटला बी नॅचरल! त्याचा झाला ए नॅचरल. खाली बेसमध्ये बी फ्लॅट, वर डी आणि एफ, म्हणजे बी फ्लॅटचा सेव्हन्थ कॉर्ड (चार सुरांचा मेळ) चाललाय. त्यात ए फ्लॅट हवा. चोर सापडला. तो नॅचरल बहुधा शेजारच्या सुरावर पडायचा होता, तो इथे घसरलाय. आधीच्या बारमध्ये कुठे नॅचरल गहाळ आहे का तेही बघून घ्या.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. बहुमत दरवेळी खरं नसतं. पहिला कॉर्नेट आणि पहिला क्लॅरिनेट एकाच हस्तलिखितावरून उतरवलेले असले, तर दोघं मिळून चुकतात आणि एकटा बिचारा हॉर्न बरोबर असतो. म्हणून दुसरी साक्ष काढा: हीच ओळ पुढे पुन्हा येते का? मार्चमध्ये ती येतेच. तिथे काय छापलंय? दोन्ही साक्षी जुळल्या की मगच पेन्सिल उचला. आणि एक अनुभवाची गोष्ट, खरखर जिथे ऐकू येते तिथे चूक असेलच असं नाही. ट्यूबा एक सूर चुकला की वरचे सगळे बेसूर वाटतात, आणि शिव्या क्लॅरिनेटवाल्यांना बसतात. हे मी वैयक्तिक दुःखातून सांगतोय.

पार्टात चूक सापडली म्हणून मी बॉलपेनने गोल केला, तर बँडमास्तर रागावले. गोल नाही करायचा तर चूक लक्षात कशी राहणार? (हॉर्न वाजवणारी एक विद्यार्थिनी, ठाणे)

रागावले ते बरोबरच. पेन नको, मऊ शिशाची पेन्सिल, टूबी चालेल. आणि गोलही नको, कारण गोल म्हणजे फक्त ‘इथे लक्ष दे’. काय करायचं ते त्यातून कळत नाही. पुढच्या वर्षी तुझ्या जागी बसणारा तो गोल पाहून घाबरेल आणि छापलेलं चुकीचंच वाजवेल. फ्लॅट हवा असेल तर सुराच्या डावीकडे, त्याच रेषेवर, ठसठशीत फ्लॅट काढ. सूरच चुकीच्या रेषेवर असेल तर त्यावर बारीक काट मार, योग्य जागी सूर काढ आणि वर त्याचं नाव लिही. मंद दिव्याखाली, हातभर अंतरावरून दिसलं पाहिजे.

मीही एकदा बॉलपेन चालवलाय. तिशीत होतो, फाजील आत्मविश्वास होता. दुसऱ्या क्लॅरिनेटच्या पार्टात एका जागी सूर चुकलाय असं मला ठामपणे वाटलं, म्हणून शाईने खोडून दुरुस्त केला. वर्षानुवर्षं तो तसाच वाजला. पुढे त्याच रचनेचा पूर्ण स्कोअर हाती आला तेव्हा कळलं, छापलेलं बरोबर होतं आणि ‘दुरुस्ती’ चुकली होती. शाई खरवडताना कागदाला भोक पडलं. ते भोक अजून त्या पार्टात आहे.

तुझी दुरुस्ती तुझ्यापुरती ठेवू नकोस. जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी शुद्धिपत्र असायचं ना, तसा एक कागद संचाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा: पार्ट, बार, कितवा ठोका, काय छापलंय, काय हवं, तारीख. भाड्याने आणलेला संच असेल तर त्यावर काय लिहायचं न लिहायचं ते करारात दिलेलं असतं, ते पाळायचं. चुकांची यादी मात्र वेगळ्या कागदावर लिहून संचासोबत परत पाठवायची.

माझ्या ड्रमच्या पार्टात २३ बार रेस्ट, म्हणजे न वाजवता थांबणं, आहे. मी मोजून शिरतो तेव्हा सगळे एक बार पुढे गेलेले असतात. (नाशिक)

छापणारा दोषी असू शकेल, पण आधी मोजणारा तपासू. दुसऱ्या दोन पार्टांत त्याच दोन रिहर्सल-अक्षरांमधले (सरावासाठी पार्टावर छापलेल्या ए, बी, सी खुणांमधले) बार मोजा. तिथे २२ भरले तर तुमचा आकडा चुकलाय, खुशाल बदला. २३ भरले तर मधे कुठेतरी पहिला-दुसरा शेवट (पहिल्या फेरीला एक, पुनरावृत्तीला दुसरा) आहे आणि तुम्ही पुनरावृत्तीच्या वेळी दोन्ही मोजताय.

एका जुन्या वादकाच्या घरच्यांनी मला हाताने उतरवलेल्या दोन वह्या दिल्या. एकच मार्च दोन्हींत आहे, पण एकीत ट्रिओ ३२ बारांचा, दुसरीत २८. कोणती खरी मानू? (संगीतशिक्षक, म्हापसा)

गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकवलं गेलं आणि तिथली माणसं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बँडांमध्ये पोचली. हा वारसा छापील कमी आणि हाताने उतरवलेला जास्त आहे. म्हणून पहिली विनंती, दोन्ही वह्या जपा.

ट्रिओ बहुधा १६ किंवा ३२ बारांचा असतो, त्यामुळे २८ वर संशय जातोच. ३२ वाल्या वहीत ते चार जादा बार शोधा आणि त्यांच्या आधीचा बार पाहा. तोच बार चार बारांनंतर पुन्हा आला असेल तर उलगडा झाला. उतरवणाऱ्याची नजर पानावरून वहीवर गेली आणि परत येताना पहिल्याऐवजी दुसऱ्या सारख्या बारावर उतरली. मधलं सगळं गळालं. पोथ्या लिहिणाऱ्यांचंही हेच व्हायचं: दोन ओळींत एकच शब्द आला की मधली ओळ गायब.

पण तसा सारखा बार नसेल तर थांबा. मिरवणूक चर्चच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत संपावं म्हणून कुणी मुद्दाम चार बार कापलेलेही असू शकतात. ती छपाईची किंवा लेखनाची चूक नाही, त्या गावाची रीत आहे.

पोथ्यांवरून आठवलं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतले घोटाळे काढले आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवण्यासारखं होईल. बँडच्या कपाटावर मी हे चिकटवून ठेवलं होतं. कारण दुरुस्ती करायला बसलेल्या माणसाला अर्ध्या तासात वाटायला लागतं की इथे तिसरा कॉर्नेट थोडा वर असता तर बरं झालं असतं. असं वाटलं की पेन्सिल ठेवून चहा प्यायला जावं.

मुलगी शाळेच्या बँडमध्ये बेस क्लॅरिनेट वाजवते. ‘लिंकनशर पोझी’ बसवताहेत. तिच्या पार्टात क्रेशेंडोऐवजी (आवाज वाढवत नेण्याच्या खुणेऐवजी) चक्क ‘लाउडन’ लिहिलंय, एका भागात प्रत्येक बारला ताल बदलतो, आणि एका ठिकाणी ठोकेच नाहीत. छपाई इतकी वाईट कशी? (न्यू जर्सी)

ताई, यातली एकही छपाईची चूक नाही! पर्सी ग्रेंजर हा गृहस्थच तसा. इटालियन शब्दांऐवजी तो साधं इंग्रजी लिहायचा. इंग्लंडातल्या लिंकनशरमध्ये गावोगावच्या गायकांकडून लोकगीतं टिपून घेतली आणि १९३७ मध्ये त्यावरून बँडसाठी सहा भागांची ही रचना केली. गाणारा जसा रेंगाळला, जिथे श्वास घेतला, तसंच्या तसं त्याने कागदावर आणलं. म्हणून ताल बदलतो. ‘लॉर्ड मेलबर्न’ या भागातले बिनठोक्यांचे सूर तर कंडक्टरच्या हातावर सोडलेले आहेत. आपल्याकडे पोवाडा म्हणणारा शाहीर मधेच ताल सोडून दोन ओळी नुसत्या म्हणतो, ते नोटेशनमध्ये लिहायला बसलात तर असंच काहीतरी दिसेल.

मात्र एक गोष्ट मुलीला जरूर विचारायला सांगा. ‘रफर्ड पार्क पोचर्स’ या भागाच्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्या पार्टात छापलेल्या असतात, ए आणि बी. अर्ध्या बँडने ए धरली आणि अर्ध्याने बी, तर जे ऐकू येईल त्याचा दोष ग्रेंजरला लागेल.

आणि हो, या रचनेच्या जुन्या छापील संचात खऱ्या चुकाही पुष्कळ होत्या. १९५२ मध्ये ईस्टमन विंड एन्सेंबल उभं करणारे फ्रेडरिक फेनेल त्यांच्यामागे वर्षानुवर्षं होते. त्यांनी दुरुस्त केलेला पूर्ण स्कोअर १९८७ मध्ये आला. शाळेकडे कोणता संच आहे ते पाहा. जुने आणि नवे पार्ट एकत्र मिसळलेले असले तर मग डोकेदुखी आहे.

इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या १९०९ च्या बँडसाठीच्या पहिल्या सुईटबद्दलही असा प्रश्न नेहमी येतो. त्यातल्या शाकोन या भागात मधेच मूळ धून उलटी होते, चढ तिथे उतार. तीही चूक नव्हे, त्याला हात लावू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले हा नोटेशन लिहायचा प्रोग्रॅम बंद होत असल्याचं जाहीर झालं. माझ्या सगळ्या अरेंजमेंट मी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेल्या. सूर आले, पण बँड म्हणतो पार्ट बिघडलेत. (अरेंजर, पुणे)

सूर येतात, बाकीचं सामान वाटेत पडतं. स्लरची (सूर जोडणाऱ्या कमानींची) टोकं सरकतात, डी.एस. आणि कोडा (मागे किंवा पुढे उडी मारायच्या खुणा) साध्या मजकुरासारखे उतरतात, क्यूचे (दुसरं वाद्य काय वाजवतंय ते दाखवणारे) छोटे सूर मोठे होऊन बसतात आणि मग ट्रोम्बोनवाला ओबोची सोलो वाजवतो. युफोनियमचा ट्रेबल क्लेफचा पार्ट खास तपासा, तो कधीकधी एक सप्तक वर जाऊन बसतो.

पडद्यावर तपासू नका, छापा. वर्तमानपत्रांत पूर्वी मुद्रितशोधनाला दोघं बसायचे, एक मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रूफवर बोट ठेवायचा. तसंच करा. एका फेरीत फक्त सूर, दुसऱ्या फेरीत फक्त स्लर आणि ॲक्सेंट, तिसऱ्या फेरीत फक्त रेस्टचे आकडे. सगळं एकदम पाहणारा काहीच पाहत नाही. तुमची अरेंजमेंट तुम्हीच तपासू नका हेही सांगतो. तुम्हाला डोक्यातलं दिसतं, कागदावरचं नाही.

प्रकाशकाला चूक कळवून काही होतं का? (कोल्हापूर)

होतं, सावकाश. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात दोन बार जादा छापले गेले होते. त्याने १८१० मध्ये प्रकाशकाला पत्र लिहून ते काढायला सांगितले. त्याची ही सूचना जगजाहीर झाली १८४६ मध्ये. तोवर तो जाऊन १९ वर्षं झाली होती.

आता ई-मेल आहे, त्यामुळे तुम्हाला इतकं थांबावं लागणार नाही. पण ‘तुमच्या मार्चमध्ये चुका आहेत’ एवढंच लिहू नका. रचना, पार्ट, बार, ठोका, छापलेला सूर, हवा तो सूर आणि तुमचा पुरावा, म्हणजे दुसऱ्या पार्टातला तोच सूर किंवा पुढे पुन्हा आलेली तीच ओळ, हे सगळं द्या. त्या पानाचा फोटो जोडा. आणि प्लेट नंबर (छपाईच्या पाटीचा क्रमांक) विसरू नका, त्यावरूनच त्यांना कोणती छपाई ते कळतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, फोटोकॉपी करताना नेमका तोच कापला जातो.