“आजी, मला ओळखलंस का?”

मे महिना लागला की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो. गावाकडे आजी आजारी आहे, सुट्टीत जायचं आहे, पण मुलाला तिला त्या अवस्थेत दाखवावं का? त्याच्या मनावर परिणाम होईल का? यंदा हा प्रश्न विचारणारी आई पुण्याहून आलेली होती आणि मुलाची आजीशी भेट आदल्याच दिवशी होऊन बसली होती. (नावं आणि काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा नऊ वर्षांचा. त्याला ओम म्हणू. आजी कोल्हापूरला, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात, थोरल्या दीर-जावेजवळ. दोन वर्षांपूर्वी तिला डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालेलं. गाडीतून उतरून हातपाय धुवायच्या आत सगळे तिच्या कॉटभोवती उभे राहिले. “आई, ह्यो कोण सांग बघू?” आजी नुसती हसली. “अगं नीट बघ की! कोण आलंय पुण्यास्नं?” तिसऱ्यांदा विचारल्यावर तिचं हसू गेलं. पदराचा काठ चिमटीत धरून ती ओढत राहिली आणि डोळे भरून आले. ओम माडीवर गेला तो जेवायलाही खाली येईना. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायला चल म्हटलं, तरी नको म्हणाला.

“आणायलाच नको होतं,” आई म्हणाली. “घाबरलाय तो.”

मलाही तसंच वाटलं होतं. ओमशी एकट्याशी बोलले तेव्हा भलतंच निघालं. बराच वेळ त्यानं माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडझाप केला. मग म्हणाला, “दिवाळीत आजीचा फोन आलेला. मी गेम खेळत होतो. नंतर बोलतो म्हटलं आणि बोललोच नाही. म्हणून ती मला विसरली.”

दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पोरगं हे एकटं बाळगून होतं. घरात त्याला एवढंच सांगितलेलं, की आजीला जरा बरं नाही. बाकीचं दार लावून, हळू आवाजात. मोठ्यांनी सोडलेली जागा मुलं बहुतेक वेळा स्वतःच्या चुकीनं भरतात, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्या हळू आवाजाचाच मला राग येतो.

त्याला मी सांगितलं, “हा मेंदूचा आजार आहे. तू रोज दोनदा फोन केला असतास तरी झाला असता. आजीची आठवणींची वही शेवटच्या पानांकडून फाटत चालली आहे. तू शेवटच्या पानांवर आहेस. पहिली पानं अजून शाबूत आहेत.”

“पहिल्या पानावर कोण आहे?”

“मला काय माहीत? काकूंना विचार.”

मोठ्यांना मात्र मी जरा कडकच बोलले. आजीची परीक्षा घेणं बंद करा. समोर गेलात की आपणच नाव सांगायचं, “आजी, मी ओम, पुण्याहून आलोय.” भेट सकाळी, चहा झाल्यावर ठेवा; या आजारात गोंधळ बऱ्याचदा संध्याकाळी वाढतो. एका वेळी दोघांहून जास्त माणसं नकोत. मुलाला उठून जायची मुभा हवी, आणि दोघांच्या हाताला काहीतरी काम द्या, कारण माणसांची नावं गेली तरी हातांची सवय पुष्कळ दिवस टिकते. एक गोष्ट वेगळी: दिवसा-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला तर ‘वयच झालं’ म्हणून बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, लघवीचा संसर्ग, नवं औषध, असं काहीही त्यामागे असू शकतं.

थोरल्या जाऊबाई शेवटची वीस मिनिटं बोलल्या. खऱ्या कोल्हापुरी, बाईमाणूस असून “मी आलो, मी गेलो” म्हणणाऱ्या. “वर्षातनं आठ दिवस येत्यात आन् मलाच शिकिवत्यात. रात्री तीनदा उठतो मी.” धाकटी गप्प झाली. मग म्हणाली, “वहिनी, चार रात्री मी झोपते आईंजवळ. तुम्ही माहेरी जाऊन या.” जाऊबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. आधी औषधांच्या वेळा लिहून घ्यायला लावल्या.

पुढचं मला धाकटीनं फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीपुढे कापूस ठेवला. तिनं बोटाला राख लावल्यासारखं केलं, राख नव्हतीच, आणि मांडीवर वात वळली. ओमची वात सुटून जायची. आजीनं त्याचा हात धरून वळून दाखवली, आणि मधेच विचारलं, “बापू, म्हस धुतलीस का रं?” बापू म्हणजे तिचा धाकटा भाऊ; तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. ओमचे बाबा “आई, अगं हा...” म्हणत पुढे झाले, तेवढ्यात ओम म्हणाला, “धुतली की.”

“पंचगंगंवर न्हेलतीस?”

“हो.”

बाबा उठून परसात गेले ते बराच वेळ आले नाहीत.

पुण्याला निघण्याआधी ओम माझ्याकडे येऊन गेला. “मी आजीशी खोटं बोललो का?” मी म्हटलं, “तुला काय वाटतं?” त्यावर त्यानं खांदे उडवले. त्याला दुसरीच काळजी होती. काकूंना म्हशीचं नाव आठवत नव्हतं, आणि दिवाळीत आजीनं विचारलं तर काय सांगायचं?