भुताखेतांचं नाव न घेता कवितेत धास्ती कशी आणतात?

तुमचा प्रश्न असा की रक्त, भूत, स्मशान यातलं काही नसताना काही कविता वाचून धास्ती का वाटते, आणि तुम्ही लिहायला बसलात की नेमकं तेच का जमत नाही. मीही या खड्ड्यात पडून आलोय. माझ्या एका जुन्या कवितेत घुबड होतं, अमावस्या होती, वठलेलं झाड होतं. वाचून दाखवली तर मित्र हसले. कवितेत मीच इतका घाबरलो होतो की ऐकणाऱ्यांना घाबरायला काही उरलंच नव्हतं.

माझ्या मते खरी गोम सांगणाऱ्याच्या आवाजात असते. तो शांत हवा. मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' घ्या आणि पहिली ओळ बोटांवर मोजत म्हणा. चार शब्द, प्रत्येक चार मात्रांचा, मिळून 16. पाळण्यासारखी झुलते ती, आणि पाळण्यात काय, तर मेलेले उंदीर. लगेच पुढे येतं, 'माना पडल्या, मुरगळल्याविण'. माना कुणी मुरगळल्या नाहीत असंच सांगतोय ना कवी? मग मला मुरगळणारा हात का दिसला? नाही म्हणता म्हणता त्यानेच तो डोळ्यांपुढे आणला. 'माना पडल्या' एवढंच असतं तर ती नुसती बातमी झाली असती.

दुसरी युक्ती कर्ता गाळण्याची, आणि तिच्यासाठी मराठीसारखी सोयीची भाषा नाही. 'रात्री त्याला घेऊन गेले.' कोण? व्याकरणाचं काही अडत नाही, वाचकाचं अडतं. 'वर सांगून ठेवलंय.' कुणी, कुणाला? पोलीस, गुंड, नातेवाईक, काहीही लिहिलंत की भीतीला चेहरा मिळतो आणि ती लहान होते.

जर्मन कवी गटेची 1782 मधली 'एर्लकोनिग' ही कविताही बघा. रात्री बाप मुलाला घेऊन घोड्यावरून निघालाय. मुलाला मुकुट घातलेला कुणी राजा दिसतो, ऐकू येतो. बाप समजूत घालतो, अरे धुकं आहे ते, वाळक्या पानांत वारा सळसळतोय. राजा बहुतेक वेळ लाडानेच बोलतो, जबरदस्तीची भाषा अगदी शेवटी येते. मला राजापेक्षा बापाच्या समजुतीची जास्त भीती वाटते, कारण ती दरवेळी पटते. आणि शेवटी तोच बाप एक शब्द न बोलता घोडा भरधाव सोडतो. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या 'माय लास्ट डचेस' या कवितेतला (1842) ड्यूक तर बायकोचं काय झालं ते दीड ओळीत उरकतो आणि नव्या लग्नाच्या हुंड्यावर येतो.

कानाला कठोर लागणाऱ्या व्यंजनांबद्दलही बरंच सांगितलं जातं. मला त्याचा उपयोग झालेला नाही. ट, ठ, ड ठासून भरले की कविता भयाण होत नाही, आपटबारासारखी वाजते.

ती घुबडाची कविता मी पुढे कापत गेलो. आता एवढीच उरलीय:

दार लोटून घे, म्हणाले.
लोटलं.
कडी राहू दे, म्हणाले.

परवा त्याच मित्रांना वाचून दाखवली. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने एकाने विचारलं, "म्हणाले म्हणजे... कोण?"