एकरकमी की हप्त्याने?

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की खेड्यातल्या गरीब कुटुंबाला वस्तू देण्यापेक्षा रोख पैसे दिलेले बरे. त्या एका वाक्यावर आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. पंचवीस वर्षं मी घरखर्चाच्या पाहण्यांचे भरून आलेले तक्ते तपासले, बेरजा जुळवल्या, चुका काढल्या. उत्तरांना थोडा कारकुनी वास येईल, तो सोसावा.

"हातात आयता पैसा पडला की तो गुत्त्यावर जातो, हे कळायला पाहणी कशाला? त्यापेक्षा शेळी द्या, घरावर घालायला पत्रे द्या. वस्तू निदान दिसते तरी."
– एक निवृत्त मुख्याध्यापक

सर, ही शंका जगभरच्या अर्थखात्यांनाही येते, म्हणून ती भरपूर तपासली गेली आहे. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा या अर्थतज्ज्ञांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातले 19 अभ्यास एकत्र मांडले. जवळजवळ सगळीकडे एकच चित्र होतं: रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च एक तर तेवढाच राहिला, नाही तर घटला.

तुम्ही म्हणाल, पाहणीला आलेल्या पोरीला खरं कोण सांगतंय? मान्य. मी तपासलेल्या तक्त्यांत दारूच्या रकान्यात इतकी शून्यं असायची की गाव सगळा संतांचा वाटावा. म्हणून मी त्या रकान्यापेक्षा तुमच्या पत्र्यांवर जास्त विश्वास ठेवते. पत्रे उभं राहून मोजता येतात.

पश्चिम केनियातल्या रारिएडा भागात 2011 ते 2013 या काळात 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने निवडक कुटुंबांना मोबाइलवरच्या एम-पेसामार्फत पैसे दिले. कुठलीही अट नाही, भाषण नाही. कुटुंब गरीब की नाही हे ठरवायची खूण मात्र एकच होती: घरावर गवताचं छप्पर आहे का. आणि पैसे आल्यावर, विशेषतः ज्यांना मोठी रक्कम एकदम मिळाली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पहिलं काय केलं, तर ते छप्पर काढून पत्रे टाकले. ज्या गवताने त्यांना यादीत बसवलं, तेच आधी उतरवलं!

यात हौस कमी आणि हिशेब जास्त आहे. गवताचं घर सारखं शाकारावं लागतं. गवत कुजतं, त्यात उंदीर-किडे होतात, पावसात गळतं, मग धान्याचं पोतं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि पोरं रात्रभर जागी. शाकारणीचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. पत्र्याचा खर्च एकदाच, पण तो एकदाचाच खर्च एका हाती जमत नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं महागातलं गवत घालत राहतो. शिवाय पत्र्याच्या पागोळ्यांखाली पन्हळ लावली की पावसाचं पाणी पिंपात धरता येतं. गवतावरून ओघळलेलं पाणी कोण पिणार? आमच्या एका जुन्या तक्त्यात 'शेरा' या रकान्यात पाहणी करणाऱ्याने लिहिलं होतं : "छप्पर नवीन. पाऊस चालू असताना आत बसून मुलाखत पूर्ण केली." त्या तक्त्यातलं मला आज आठवतं ते एवढंच वाक्य.

मग पत्रेच का देऊ नयेत? कारण शेजारच्या घरी पत्रे आधीच असतात आणि मुलीची फी थकलेली असते. ज्याला शेळी नको असते तो ती विकतो, आणि अडलेला माणूस विकतो म्हणून पडेल भावात विकतो.

तुमच्या शेळीची बाजू अगदीच लंगडी नाही, हेही सांगते. बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या संस्थेने 2002 पासून अतिगरीब बायकांना जनावर देण्याची योजना चालवली आणि ती चांगली वठली. पण तिथे जनावराबरोबर काही महिने पोटापुरता भत्ता, शिकवणं आणि वरचेवर घरी येणारी कार्यकर्ती असा सगळा लवाजमा होता. घानामध्ये नुसत्या शेळ्या देऊन पाहिलं, तर काही वर्षांनी त्या घरांत फारसा फरक उरला नव्हता.

"आमच्या वर्गात वाद झाला. पैसे एकदम द्यावेत की दर महिन्याला? मी 'दर महिन्याला'च्या बाजूने होते आणि हरले."
– एम.ए.ची विद्यार्थिनी

हरलीस याचं वाईट वाटू देऊ नकोस, प्रश्न तू बरोबर धरला आहेस. लोक 'उडवतील का' यावर भांडत बसतात. माझ्या मते माणसाच्या स्वभावापेक्षा पैसा कसा आणि केव्हा येतो यावर त्याचं काय होतं हे जास्त ठरतं.

रारिएडातच काहींना रक्कम एकदम दिली होती, तर काहींना नऊ मासिक हप्त्यांत. हप्तेवाल्यांच्या घरी जेवणाची ददात कमी झाली, एकरकमीवाल्यांच्या घरी पत्र्यांसारख्या टिकाऊ वस्तू आल्या. दोघंही तेवढेच शहाणे. महिन्याच्या रकमेत छप्पर बसत नाही, म्हणून ती ताटात जाते.

पुढे केनियातच 295 गावं घेऊन मोठा प्रयोग सुरू झाला. काही गावांत दर महिन्याला माणशी साधारण 22 डॉलर बारा वर्षं, काहींत तेवढेच दोन वर्षं, काहींत दोन वर्षांची सगळी रक्कम एकदम, आणि उरलेल्या गावांना काहीच नाही. 2023 साली पहिले मोठे निष्कर्ष आले. धंदा उभारण्यात एकरकमीवाले पुढे आणि बारा वर्षांचं आश्वासन मिळालेलेही पुढे. दोन वर्षांचे हप्तेवाले या बाबतीत मागे राहिले. हप्ता तेवढाच असून बारा वर्षांवाल्यांना कसं जमलं? तर त्यांनी भिशा लावल्या. दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचे आणि एकाने उचलायचे. हप्त्याची त्यांनी आपल्या आपण एकरकमी करून घेतली. पुढचा हप्ता येणार ही खात्री असली तरच माणूस भिशीत उतरतो. वर्षा-दोन वर्षांत नळ बंद होणार असेल तर कोण कुणाच्या भरवशावर पैसे टाकेल?

म्हणजे तुझी बाजूही खोटी नव्हती, फक्त तिला 'खात्रीने' हा शब्द जोडायला हवा होतास. मेक्सिकोने 1997 मध्ये खेड्यांत 'प्रोग्रेसा' सुरू केली. मुलं शाळेत आणि दवाखान्यात नेण्याच्या अटीवर आईच्या हातात नियमित पैसे. ती वर्षानुवर्षं टिकली. पॉल गर्टलर आणि सहकाऱ्यांनी हिशेब काढला तेव्हा दिसलं की मिळालेल्या दर पेसोतले 74 सेंटाव्हो घरखर्चाला गेले आणि बाकीचे गुंतले, जनावरांत आणि लहानसहान धंद्यांत. पोट भरून 26 उरले, तेही गरिबाघरी.

छोटा हप्ता तुच्छ लेखू नये याला आपल्या देशातला दाखला आहे. 2011 मध्ये मध्य प्रदेशात 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत सगळ्यांना दरमहा पैसे दिले, मोठ्या माणसाला 200 रुपये आणि मुलाला 100, पुढे ते 300 आणि 150 केले. एवढ्याने काय होतं, असं तेव्हाही विचारलं गेलं. पण बियाण्याच्या वेळेला हातात थोडे पैसे असले की सावकाराचा उंबरा चुकतो. त्या गावांत जनावरं वाढली, आणि दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाण्याऐवजी लोक स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले. झांबियातल्या बालअनुदान योजनेतही हेच दिसलं. कागदावर 'मजुरीचे दिवस घटले' असं येतं आणि वाचणारा म्हणतो, बघा, आळशी झाले! पुढचा रकाना तो वाचत नाही.

'केव्हा' याचं सगळ्यात बोलकं उदाहरण केनियातल्या सियाया जिल्ह्यातलं आहे. तिथल्या घरांना मिळालेल्या सुमारे 1000 डॉलरचा परिणाम संशोधकांनी बाळांच्या मृत्यूवर तपासला; हा अभ्यास 2025 मध्ये आला. पैसे मिळालेल्या घरांत वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. डॉक्टर असलेला दवाखाना जिथे जवळ होता तिथे परिणाम अधिक, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाईने कामाला जाणं कमी केलं होतं. तेच पैसे दोन वर्षांनी आले असते तर त्या बाळाला त्यांचा काय उपयोग?

"पैसे बाईच्या नावावर आले तर फरक पडतो ना?"
– बचत गटाची एक सचिव

ताई, तुम्हाला 'हो' ऐकायचं आहे आणि मला 'कधी कधी' म्हणावं लागतंय. दक्षिण आफ्रिकेतल्या वृद्धांच्या पेन्शनवर अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी काम केलं. पेन्शन आजीला मिळाली तर नातींची अंगकाठी सुधारली, आजोबांना मिळाली तर नाही. पण रारिएडात नवऱ्याला दिले की बायकोला, यात खर्चाच्या बाबतीत फारसा फरक निघाला नाही. मोरोक्कोच्या शाळा-अनुदानातही आई-वडिलांत नाही. खातं कुणाचं यापेक्षा त्या घरात पैशाचं कोण बोलतं हे आधी बघावं, आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

"शेजाऱ्याला मिळाले, आम्हाला नाही. आम्ही काय करायचं? आणि पैसे थांबले की शेजारी पुन्हा जिथल्या तिथेच ना?"
– नाव न दिलेलं पत्र

शेजाऱ्याकडे आले तर तुमच्याकडे थोडे झिरपतात. सियायातल्या 653 गावांच्या अभ्यासात वाटलेल्या एका डॉलरमागे सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. मिळालेला पैसा गवंड्याकडे, गिरणीवाल्याकडे, दुकानदाराकडे गेला आणि न मिळालेल्या घरांचा खर्चही जवळपास तितकाच वाढला. भाव फक्त 0.1 टक्क्याच्या आसपास चढले. पण डोळ्यांत सलतंच. रारिएडात शेजारी वर गेले तेव्हा न मिळालेल्यांचं समाधान काही काळ घसरलं होतं, हे संशोधकांनी लपवलेलं नाही. तुम्हाला वाटतं त्यात तुमचा हलकेपणा नाही.

दुसऱ्या प्रश्नाला युगांडाचं उत्तर आहे. 2008 मध्ये उत्तर युगांडातल्या तरुणांच्या गटांना धंदा शिकण्यासाठी आणि अवजारांसाठी एकरकमी अनुदान मिळालं, माणशी साधारण 400 डॉलर. चार वर्षांनी त्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा 38 टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिलं तर न मिळालेलेही कमाईत त्यांच्या बरोबरीला आले होते. शेजारी जिथल्या तिथे राहिला नाही. मागचा पुढे आला, उशिराने आणि अनुदानाशिवाय. शिवणयंत्रं, करवती आणि हातातलं कसब मात्र अजूनही अनुदानवाल्यांकडेच जास्त होतं.